कोरी चौकट, बंद पाकीट

कोणत्याही पाठ्यपुस्तकाचे एक पान उघडावे. मजकूर आहे, शेजारी त्रिकोणाची आकृती आहे, प्रमेयाचे विधान तांबड्या अक्षरांत आहे. आज हे सारे एकाच संगणकावर, एकाच पडद्यावर तयार होते. त्यामुळे अक्षर, आकृती आणि रंग या एकाच जातीच्या गोष्टी आहेत असे आपल्याला वाटू लागते. छपाईच्या इतिहासात मात्र तसे नव्हते. खिळे जुळवणारा जुळारी वेगळा आणि चित्राचा ब्लॉक करणारा कारागीर वेगळा. जुळारी चित्राच्या मापाची जागा सोडून मजकूर जुळवी. मग जस्ताच्या पत्र्यावर उठवलेला आणि लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणलेला ब्लॉक त्या जागेत बसवला जाई. ब्लॉकवर हत्ती आहे की हृदयाचा छेद, याच्याशी जुळाऱ्याला कर्तव्य नसे. त्याला हवी फक्त लांबी आणि रुंदी. रंग तर त्याच्यापासून आणखीच दूर. दुसरा रंग हवा तर शाई बदलून तोच कागद पुन्हा यंत्रातून काढावा लागे.

संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली, तेव्हा एका आज्ञावलीने ही जुनी विभागणी जवळजवळ तशीच ठेवली. त्या आज्ञावलीला ना तिरकी रेघ काढता येत होती, ना रंगाचे नाव ठाऊक होते. तरीही पुढे तिच्यातून हजारो सचित्र, रंगीत पुस्तके निघाली. हे कसे घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते या लेखात पाहू या.

गणिताच्या पुस्तकाचे दुखणे

डोनाल्ड कनूथ हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक. संगणकाच्या आज्ञावलींमागील गणितावर ते अनेक खंडांचा ग्रंथ लिहीत होते. पहिला खंड १९६८ साली निघाला, दुसरा १९६९ मध्ये आणि तिसरा १९७३ मध्ये. हे खंड शिशाच्या खिळ्यांच्या यंत्रावर जुळवलेले होते आणि त्यांतील गणिती सूत्रे देखणी दिसत. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते कनूथ यांच्या हाती आली. तोवर छपाईचे तंत्र बदलले होते. शिशाच्या जागी छायाक्षरजुळणी आली होती आणि तिच्यातून आलेली अक्षरे व सूत्रे त्यांना बघवेनात.

त्याच सुमारास एका पुस्तकाची पाने त्यांनी पाहिली. ती शून्य आणि एक या अंकांच्या आधारे, म्हणजे बारीक ठिपक्यांनी अक्षर घडवणाऱ्या यंत्रावर तयार झाली होती. कोणत्या जागी शाई हवी आणि कोठे नको, एवढाच जर प्रश्न असेल, तर तो संगणकाचाच प्रश्न आहे हे त्यांच्या लक्षात आले. ग्रंथाचे काम बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीची आज्ञावली लिहायला घेतली. तिचे नाव टेख. हे नाव तौ, एप्सिलॉन आणि खी या तीन ग्रीक अक्षरांचे आहे. कला आणि कौशल्य या दोन्ही अर्थांचा जो ग्रीक शब्द आहे, त्याची ही सुरुवात. इंग्रजी बोलणाऱ्यांना शेवटचा 'ख' जड जातो, आपल्याला त्याची अडचण नाही.

पहिली टेख १९७८ मध्ये चालू झाली. १९८२ मध्ये कनूथ यांनी ती पुन्हा मुळापासून लिहिली आणि आज आपण जिला टेख म्हणतो ती हीच. दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती १९८१ मध्ये टेखवर जुळवूनच बाहेर पडली.

पानावर फक्त चौकटी

टेखचा जीव एका साध्या कल्पनेत आहे. तिच्या दृष्टीने प्रत्येक अक्षर ही एक चौकट असते. चौकटीला तीन मापे असतात: रुंदी, ओळीच्या वरची उंची आणि ओळीच्या खालची खोली. अक्षराचा आकार कसा आहे, ते टेखला माहीत नसते. तो वेगळ्या फाइलीत असतो. अक्षरांच्या चौकटी शेजारी शेजारी लावल्या की ओळीची चौकट तयार होते. ओळींच्या चौकटी एकाखाली एक ठेवल्या की पानाची चौकट. चौकटींमधल्या मोकळ्या जागेला कनूथ यांनी 'डिंक' म्हटले. हा डिंक गरजेप्रमाणे ताणतो किंवा आकसतो, म्हणून ओळींचे दोन्ही काठ सरळ येतात.

मोजमाप मात्र कमालीचे बारीक आहे. एका इंचाचे ७२.२७ पॉइंट आणि एका पॉइंटचे ६५,५३६ भाग. या सर्वांत लहान भागाची लांबी सुमारे ५.४ नॅनोमीटर भरते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, म्हणजे असे शंभर भाग एकत्र केले तेव्हा कोठे हिरव्या प्रकाशाची एक तरंगलांबी होते. इतक्या अचूकपणे जागा ठरवणारी ही आज्ञावली त्या जागेवर काय उमटणार याबद्दल मात्र काही बोलत नाही.

जुळणी संपली की टेख एक फाइल लिहिते. ती कोणत्याही एका छपाईयंत्रासाठी नसते, म्हणून तिला यंत्रनिरपेक्ष फाइल म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव डीव्हीआय. तिची रचना डेव्हिड फुक्स यांनी १९७९ मध्ये केली. या फाइलीतील आज्ञा मोजक्या आहेत: अमुक अक्षर ठेव, इतके उजवीकडे जा, इतके खाली जा, ही जागा लक्षात ठेव, लक्षात ठेवलेल्या जागी परत ये, आणि एवढ्या लांबीरुंदीचा काळा आयत भर. अपूर्णांकाची रेघ, वर्गमुळाच्या चिन्हावरची आडवी रेघ, कोष्टकाच्या उभ्या-आडव्या रेघा हे सगळे आयतच. तिरकी रेघ नाही, वर्तुळ नाही, रंग नाही. ही फाइल वाचून प्रत्यक्ष छापणाऱ्या यंत्राला समजेल अशा रूपात आणणारी दुसरी आज्ञावली लागते. तिला ड्रायव्हर म्हणतात.

अक्षरांतून चित्र

तिरकी रेघ नसेल तर भूमितीच्या शिक्षकाने काय करावे? एक मार्ग म्हणजे जागा कोरी सोडून आकृती हाताने काढून चिकटवणे. अनेकांनी तेच केले. दुसरा मार्ग अधिक गमतीचा होता. टेखला अक्षरे ठेवता येतात ना? मग रेघेचे तुकडे हीच अक्षरे समजायची!

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात टेखवर आधारलेली लाटेख ही प्रणाली केली. तिच्यात चित्रे काढण्याची सोय अशीच होती. एका फॉन्टमध्ये वेगवेगळ्या उताराचे रेघांचे छोटे तुकडे भरले होते आणि ते टोकाला टोक लावून लांब रेघ तयार होई. पण फॉन्टमध्ये तुकडे किती ठेवणार? म्हणून नियम असा, की रेघेचा उतार ६ पर्यंतच्या, सामाईक अवयव नसलेल्या दोन पूर्णांकांनीच सांगायचा. विद्यार्थ्यांना हे मोजून पाहायला सांगावे. पहिल्या चरणात, आडवी आणि उभी दिशा धरून, अशा फक्त २५ दिशा मिळतात. आडव्या रेघेनंतरची पहिली तिरकी रेघ १/६ उताराची, म्हणजे सुमारे साडेनऊ अंशांची. मधले काहीच काढता येत नाही. वर्तुळाचा व्यासही ४० पॉइंटांपर्यंत, म्हणजे जेमतेम १४ मिलिमीटर.

यातून एक मजेदार अडचण निघते. ६० अंशांच्या रेघेचा उतार वर्गमूळ ३ असतो. ती अपरिमेय संख्या आहे, म्हणजे कोणत्याही दोन पूर्णांकांचे गुणोत्तर तिच्याइतके होणारच नाही. जवळात जवळचा उतार ५/३, त्याचा कोन ५९ अंशांहून किंचित जास्त. म्हणजेच गणिताची सूत्रे सर्वांत सुबक छापणाऱ्या या प्रणालीत, एक बाजू आडवी ठेवून समभुज त्रिकोण बिनचूक काढता येत नव्हता!

मायकेल विचुरा यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पिकटेख नावाचा आज्ञासंच करून तिसरा उपाय काढला: पूर्णविरामासारखे बारीक ठिपके एकमेकांलगत ठेवत जायचे. कोणताही वक्र असा काढता येतो. पण दोन ठिपक्यांत ०.४ पॉइंट अंतर धरले, तर १० सेंटिमीटरच्या एकाच रेघेला सातशेहून जास्त ठिपके लागतात आणि टेखला तो प्रत्येक ठिपका एक अक्षर म्हणून लक्षात ठेवावा लागतो. चार-पाच आलेख काढले की त्या काळच्या संगणकाची स्मृती संपून जाई. खुद्द कनूथ यांनीही १९८७ मध्ये लहानमोठ्या ठिपक्यांचा फॉन्ट करून करड्या छटांची छायाचित्रे छापून दाखवली. युक्ती अप्रतिम होती, पण रोजच्या कामाला ती पुरणारी नव्हती.

बेल प्रयोगशाळेत याच काळात निराळा विचार झाला, तोही नोंदवायला हवा. तिथल्या ट्रॉफ या अक्षरजुळणीच्या नव्या रूपात रेघ, वर्तुळ आणि वक्र यांच्या आज्ञा निर्गत फाइलीच्या भाषेतच होत्या. ब्रायन कर्निघन यांच्या पिक या छोट्या भाषेत 'चौकट, बाण, चौकट' असे शब्दांत लिहिले की आकृती तयार होई. कनूथ यांनी हा मार्ग घेतला नाही.

पाकिटाची सोय

त्यांनी एक छोटी फट मात्र ठेवली. टेखच्या मूळ लिखाणात शेवटाजवळ 'विस्तार' नावाचा भाग आहे. आज्ञावली पुढे कशी वाढवता येईल याचे नमुने त्यात आहेत. त्यांतली एक आज्ञा म्हणजे 'स्पेशल'. तिचा अर्थ असा: पुढे जे शब्द लिहिले आहेत ते न वाचता, न समजून घेता, पानावरच्या या जागी जसेच्या तसे डीव्हीआय फाइलीत टाक. एखाद्या पोस्टमनने बंद पाकीट पत्त्यावर नेऊन द्यावे, तसे. आत काय आहे ते टेखला कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. पाकीट उघडायचे ते ड्रायव्हरने.

पाकिटात लिहायचे काय, हे ठरायला बाहेरची एक घटना कारण झाली. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अडोबी ही कंपनी काढली. तिची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा १९८४ मध्ये आली. पुढच्याच वर्षी ही भाषा समजणारे, एका इंचात ३०० ठिपके छापणारे ॲपलचे लेझरयंत्र बाजारात आले. ए-४ आकाराच्या एका पानावर असे सुमारे ८७ लाख ठिपके बसतात. पोस्टस्क्रिप्टमध्ये ते एकेक सांगावे लागत नाहीत. 'इथून तिथपर्यंत रेघ ओढ', 'हा आकार अमुक रंगाने भर' असे सांगितले की कोणते ठिपके काळे करायचे ते यंत्र स्वतः ठरवते.

आता दोन्ही टोके जुळली. कनूथ यांचे विद्यार्थी टॉमस रोकिकी यांनी डीव्हीआयचे पोस्टस्क्रिप्टमध्ये रूपांतर करणारा डीव्हीआयपीएस हा ड्रायव्हर लिहिला. चित्र पोस्टस्क्रिप्टच्या वेगळ्या फाइलीत ठेवायचे. तिच्या सुरुवातीला एक ओळ असते: चित्राला वेढणाऱ्या आयताच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांचे निर्देशक. समजा ती ओळ ०, ०, २१६, १४४ अशी आहे. टेख एवढेच वाचते आणि त्या मापाची कोरी चौकट पानावर ठेवते. चौकटीत पाकीट असते: 'अमुक नावाची फाइल इथे आण.' जुळाऱ्याने जागा सोडली, ब्लॉक दुसऱ्याने बसवला. प्रकार तोच.

यात बारकावे आहेत आणि ते वर्गात उपयोगी पडतील. पोस्टस्क्रिप्टचा पॉइंट इंचाचा ७२ वा भाग असतो, टेखचा ७२.२७ वा. म्हणून वरच्या चित्राची रुंदी ३ इंच असली, तरी टेखच्या हिशेबात ती २१६ नव्हे, २१६.८१ पॉइंट होते. शिवाय पोस्टस्क्रिप्टचा आरंभबिंदू पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि य-अक्ष वर जातो, अगदी आपल्या आलेखकागदासारखा. डीव्हीआयमध्ये मोजणी वरच्या डाव्या बाजूने सुरू होऊन खाली जाते, आपण लिहितो तशी. एका भूमितीतून दुसरीत नेण्याचे काम ड्रायव्हर करतो. ते चुकले तर चित्र पालथे पडते किंवा पानाबाहेर जाते.

कनूथ यांचे आणखी एक विद्यार्थी जॉन हॉबी यांनी बेल प्रयोगशाळेत मेटापोस्ट ही आकृत्यांची भाषा केली. तिच्यात बिंदूंचे संबंध समीकरणांनी सांगता येतात: हा बिंदू या रेघेवर एक तृतीयांश अंतरावर आहे, तो त्या दोन रेघांच्या छेदावर आहे. समीकरणे सोडवून आकृती काढणे हे संगणकाचे काम. समभुज त्रिकोण अखेर समभुज झाला.

रंग ओसंडतो

आकृतीपेक्षा रंगाचे प्रकरण अवघड निघाले. वरवर पाहता ते सोपे वाटते. तांबड्या मजकुराच्या आधी एक पाकीट, 'तांबडा सुरू'. नंतर दुसरे, 'आधीचा रंग परत'. डीव्हीआयपीएसमध्ये जेम्स हॅफ्नर यांच्या प्रयत्नाने १९९० च्या दशकाच्या आरंभी अशी सोय झाली आणि ६८ रंगांना नावे मिळाली. त्यांतली बरीच नावे मुलांच्या क्रेयॉनच्या पेटीवरून घेतलेली होती.

पण चित्र आणि रंग यांत मूलभूत फरक आहे. चित्र एका जागी असते. त्याची चौकट दोन पानांत तुटत नाही. रंग ही अवस्था आहे. तो एका जागी सुरू होतो आणि दुसऱ्या जागी संपतो. टेख आधी पूर्ण परिच्छेद वाचते, त्याच्या ओळी पाडते, पानापेक्षा जास्त ओळी साठल्या की पान कोठे तोडायचे ते ठरवते आणि मग त्या पानाला शीर्षक व पृष्ठांक जोडते. आता तांबडा परिच्छेद पान ४ वर सुरू होऊन पान ५ वर संपला, तर काय होईल? 'तांबडा सुरू' हे पाकीट पान ४ वर आहे, बंद करणारे पान ५ वर. दोहोंच्या मध्ये पान ४ च्या तळाचा पृष्ठांक येतो, तोही तांबडा होतो. पान ५ चे शीर्षकही तांबडे होते. उलट, ड्रायव्हर प्रत्येक पान काळ्या शाईने नव्याने सुरू करत असेल, तर पान ५ वरचा उरलेला परिच्छेद काळा पडतो. आणि कोणी फक्त पान ५ छापायला सांगितले तर? त्या पानावर तांबड्याचा उल्लेखच नाही!

यावर उपाय म्हणजे रंगांची चळत. नवा रंग आला की तो चळतीवर ठेवायचा, संपला की वरचा काढून खालचा परत वापरायचा. डीव्हीआय फाइलीतील 'लक्षात ठेव' आणि 'परत ये' या आज्ञा फक्त जागेपुरत्या असतात, म्हणून रंगाची चळत ड्रायव्हरला वेगळी ठेवावी लागली. एकच पान छापायचे असले तरी त्याला आधीची सारी पाने चाळून त्या क्षणी चळत कशी होती ते काढावे लागते. शीर्षक आणि पृष्ठांक यांना 'तू काळा' असे मुद्दाम सांगावे लागते. हा भार टेखने उचलला नाही. तो ड्रायव्हर लिहिणाऱ्यांवर आणि वापरणाऱ्यांवर पडला.

मात्रेला रंग

आपल्या लिपीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठातील फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये टेखसाठी देवनागरी फॉन्ट आणि तिची पूर्वप्रक्रिया करणारी आज्ञावली उपलब्ध केली. त्यामुळे संस्कृत, मराठी आणि हिंदी मजकूर टेखमध्ये जुळवता येऊ लागला. आता पहिलीच्या शिक्षिकेला मुलांसाठी मात्रा तांबड्या रंगात दाखवायच्या आहेत असे समजू. 'की' मध्ये वेलांटी 'क' नंतर लिहिली जाते आणि उमटतेही नंतर. पण 'कि' मध्ये वेलांटी लिहिली जाते 'क' नंतर आणि उमटते 'क' च्या आधी. रंगाचे पाकीट दोहोंच्या मध्ये ठेवले, तर जोडणी तिथेच तुटते, कारण दोन चिन्हांमध्ये पाकीट आले की ती शेजारी राहत नाहीत. 'त्र' किंवा 'क्ष' ची अडचण त्याहून मोठी. तिथे छापताना एकच आकार असतो, आत पाकीट शिरायला जागाच नाही.

जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणलेली झीटेख युनिकोडमधील देवनागरी थेट स्वीकारते, पण मधे आलेल्या रंगाने जोडणी तुटण्याचा हा प्रश्न तिच्यातही आहे. यावरचा खरा उपाय म्हणजे रंग हा पाकिटात न ठेवता प्रत्येक चिन्हाचा गुणधर्म मानणे आणि जोडणी पूर्ण झाल्यावर तो लावणे. लुआटेख या पुढच्या प्रणालीत चिन्हांना असे गुणधर्म चिकटवण्याची सोय झाली. तिची १.० ही आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. म्हणजे पाकिटाच्या युक्तीची मर्यादा ओलांडायला तीन दशके लागली.

काय टिकले, काय गेले

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. चित्र आणि रंग बाहेर ठेवण्यात फायदा झाला की तोटा?

आधी तोटा. प्रत्येक ड्रायव्हरची पाकिटातली भाषा वेगळी होती. एका संस्थेत लिहिलेला लेख दुसरीकडे नेला की मजकूर बिनचूक येई, पण आकृत्यांच्या जागी कोऱ्या चौकटी दिसत. ड्रायव्हरांसाठी मानके ठरवण्याचे प्रयत्न झाले, पण पाकिटाची एकच भाषा सर्वांनी मानली असे झाले नाही. अखेर १९९४ मध्ये लाटेखसोबत डेव्हिड कार्लाइल आणि सबॅस्टियन राट्झ यांचे चित्र व रंगांचे आज्ञासंच आले. त्यांत लेखकाने 'हे चित्र आण' एवढेच म्हणायचे. कोणत्या ड्रायव्हरसाठी कोणते पाकीट भरायचे ते वेगळ्या छोट्या फाइलीत असते. ड्रायव्हर बदलला तर तेवढी फाइल बदलायची, लेख नाही. पुढे ब्रनो येथील मासारिक विद्यापीठात हान थे थान यांनी पीडीएफटेख लिहिली. तिने डीव्हीआयचा टप्पाच गाळला आणि थेट पीडीएफ फाइल तयार केली. छायाचित्रे सरळ आत घेता येऊ लागली. तिथेही चित्र म्हणजे मापे असलेली चौकटच राहिली.

आता फायदा. कनूथ यांनी १९९० मध्ये जाहीर केले, की टेखमध्ये यापुढे नवे काही भरले जाणार नाही, फक्त चुका दुरुस्त होतील. प्रत्येक दुरुस्तीबरोबर तिचा आवृत्तिक्रमांक पायच्या किमतीच्या एक अंक जवळ जातो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्यानंतर तो 'पाय' असाच ठेवावा आणि उरलेल्या चुकांना गुण मानावे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. परिणाम असा, की १९८४ साली टेखमध्ये लिहिलेला मजकूर आजही त्याच ओळी, तीच पाने देतो. टेखमध्येच चित्रांची भाषा घातली असती तर ती त्या काळच्या यंत्रांसारखी असती, आणि यंत्रे तर दर पाचदहा वर्षांनी बदलतात. ज्या पोस्टस्क्रिप्टने टेखला चित्रे दिली, तिची फाइल उघडून दाखवण्याची सोय ॲपलने आपल्या संगणकांतील चित्रदर्शक आज्ञावलीतून २०२२ मध्ये काढून टाकली. पाकिटातले पत्र जुने झाले, पण पोस्टमन बदलावा लागला नाही.

आम्हांला वाटते, की या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या पाहिजेत. गाभा लहान ठेवला म्हणून तो टिकला हे खरे. पण गाभ्याबाहेर ढकललेले काम नाहीसे होत नाही, कोणीतरी ते करतच असते, हेही तितकेच खरे. आणि यात शाळांसाठी एक व्यावहारिक गोष्ट आहे. १९९० च्या दशकात मराठीत निरनिराळ्या फॉन्टसंचांचे संकेत निरनिराळे होते. एका संचात टंकलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. त्या काळच्या प्रश्नपत्रिका आणि टिपणे ज्यांनी फक्त तशा फाइलींत ठेवली, त्यांना ती आज वाचणे कठीण आहे. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये, साध्या रूपात ठेवावा. आकृत्या वेगळ्या फाइलींत, सर्वांना खुल्या असलेल्या प्रकारात ठेवाव्यात. आणि आकृती कशी काढली याचे मापांसह वर्णनही शेजारी लिहून ठेवावे. फाइल उघडली नाही तरी त्या वर्णनावरून आकृती पुन्हा काढता येते.

वर्गात करून पाहण्यासाठी

यासाठी संगणकाची गरज नाही. तीन गट करावेत: जुळारी, पोस्टमन आणि छापणारे. जुळाऱ्यांनी चौकटींच्या कागदावर एक छोटे पान मनाशी ठरवून त्याच्या आज्ञा चिठ्ठ्यांवर लिहाव्यात. आज्ञा फक्त याच: 'अमुक अक्षर ठेव', 'इतके घर उजवीकडे', 'इतके घर खाली', 'जागा लक्षात ठेव', 'त्या जागी परत ये', 'आयत भर'. पोस्टमनने चिठ्ठ्या क्रमाने न्यायच्या, आणि छापणाऱ्यांनी मूळ पान न पाहता ते काढायचे.

मग बंद पाकिटे द्यावीत. एकात 'इथे मासा काढ', दुसऱ्यात 'तांबडी पेन्सिल घे', तिसऱ्यात 'आधीची पेन्सिल परत घे'. जुळाऱ्यांनी माशासाठी जागा सोडायला विसरले तर काय होते, ते मुलांना लगेच दिसेल. शेवटी दुसरे पान दुसऱ्या छापणाऱ्याकडे द्यावे, आणि तांबड्या पेन्सिलीचे पाकीट मात्र पहिल्या पानात राहू द्यावे. दुसरा छापणारा विचारील, 'मी कोणती पेन्सिल घेऊ?' उत्तर आपण सांगू नये. दुसऱ्याला ते कळण्यासाठी पहिल्याने काय लिहून पाठवायला हवे होते, हे मुलांनाच ठरवू द्यावे. चळतीची कल्पना बहुधा त्यांच्यातूनच निघेल.